संघाच्या सर्व्हरची दोन कार्डं

तीर्थरूप सिल्वो मामा यांस,

भाचा गोराझ्द याचा, कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. डोंगरावर फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र द्रागोच्या ट्रकबरोबर पाठवतो आहे. तुमची तब्येत बरी असेल. तुमच्या मधमाश्यांची नाही, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचंच लिहायचं आहे.

आपल्या मधपाळ संघाने डोंगरावरच्या नमुना पेट्यांखाली वजनकाटे बसवले. वजन रोज तीन किलोने वाढलं, की फरच्या झाडांवर मध आला असं समजून संगणक सभासदांना निरोप धाडतो, आणि सगळे पेट्या घेऊन वर धावतात. (तुम्ही बत्तीस पेट्यांसह सर्वांत आधी धावलात, याचा संघाला अभिमान आहे.) आता या सर्व्हरला नेटवर्कची कार्डं दोन. एक डोंगरावरच्या काट्यांकडचं, दुसरं ऑफिसकडचं, म्हणजे आपला प्रिंटर आणि नवशिक्यांना दाखवायला ठेवलेला एक काटा. आकडे गोळा करणाऱ्या प्रोग्रामला कुठल्या कार्डावर कान ठेवायचा ते सांगावं लागतं. सर्व्हर बसवायला आलेली यास्ना मला म्हणाली, "काका, कुठलं ते पटकन सांगा." पण आपल्या संघात खुर्चीचा रंगसुद्धा मतदानाशिवाय ठरत नाही. मी बैठक बोलावली. तुम्हीच म्हणालात, "जवळचं घ्या की! डोंगरावरच्या तारेचा काय भरवसा?" सात विरुद्ध चार मतांनी ऑफिसचं कार्ड निवडून आलं. यास्ना ओरडली, "अहो, हे मतदानाने ठरत नसतं!" ती सभासद नसल्याचं तिला नम्रपणे सांगण्यात आलं. तिने ते कार्ड लावलं आणि कॉफी न घेता निघून गेली.

तेव्हापासून प्रोग्राम फक्त ऑफिसचं ऐकत होता. डोंगरावरचे काटे बिचारे आकडे पाठवत होते, पण त्यांना विचारतो कोण? ऑफिसातल्या काट्याचं वजन मात्र रोज तीन किलोने वाढलं, अकरा दिवस, भर पावसातसुद्धा. पावसात मध येत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, पण निरोप संगणकाचा होता.

काल यास्नाला हातापाया पडून बोलावलं आणि कार्ड बदललं (मतदान न घेता, त्यामुळे मन खातं आहे). तेव्हा डोंगरावरचे खरे आकडे दिसले. रोज चारशे ग्रॅम घट. माश्या साठवणीतलं खात आहेत, मामा, आणि आठवडाभरात तेही संपेल. मला फार वाईट वाटतं. इकडे खाली लिंडनची झाडं फुलली आहेत. नेझा मामी म्हणाल्या, "त्याला म्हणावं, मध दारात सांडतोय आणि तू वर ढग मोजत बसलायस!"

तुमचा,
गोराझ्द
(सेक्रेटरी, निदान आजपर्यंत)

ता. क. ऑफिसातल्या काट्यावर वाढत काय होतं, असं यास्नाने विचारलं. तळघराला ओल आली म्हणून संघाच्या शताब्दी ग्रंथाचे न खपलेले गठ्ठे मी रोज एक वर आणत होतो. दुसरीकडे जागा नव्हती.

ता. क. आणखी एक. द्रागोच्या ट्रकात बत्तीसच पेट्या मावतात, दुसरा ट्रक शुक्रवारशिवाय मिळत नाही, आणि वर तुमच्याखेरीज अडतीस मधपाळ आहेत. तेव्हा हे पत्र खिशात ठेवा. सांजेला माश्या परतल्या की पेट्या बंद करा, ट्रकवर चढवा, स्वतःही चढा. मग सर्वांना खरं काय ते तुम्हीच सांगा, तुमच्या शब्दाला मान आहे. सांगताना द्रागोला इंजिन चालू ठेवायला लावा.