गाण्यांवरचे तुमचे शेरे

अण्णा, माझ्या कॅसेटच्या डबीतला गाण्यांचा कागद तुम्ही माझ्यामागे वाचलात, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. घडी उलटी पडली होती. अंबडच्या कारखान्यात पार्ट मापून पास-नापास करणारा माणूस, आणि घडी चुकला. मग मीही तुमच्यावर पाळत ठेवली. बापाचाच गुण, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी तुमच्या डिक्शनरीत चार कागद सापडले, कारखान्यातल्या तपासणी रिपोर्टचे, पाठकोरे. डावीकडे माझ्या कॅसेटवरच्या रॉक बँडच्या इंग्रजी ओळी, मधे मराठी अर्थ, आणि उजवीकडे लाल पेन्सिलीने शेरा. ‘आज आपण सगळे एक’, यापुढे तुम्ही लिहिलं होतं, ‘एकूण किती जण?’ ‘मला ओळखतील अशा ठिकाणी घेऊन चल’, यापुढे, ‘कुठे? नेणार कोण?’ आनंदाच्या एका ओळीपुढे नुसतंच ‘कशाने?’ म्हणजे नशेपाण्याचा संशय. पास एकच गाणं झालं होतं, ते आईवरचं.

त्या रविवारी स्वयंपाकघरात आई भाकरी थापतेय, तुम्ही ओट्याशी उभे आहात, आणि मी खाली मान घालून जेवतोय. तुम्ही म्हणालात, ही पोरं गाण्यागाण्यात घर शोधतात, ज्याला घर आहे तो कशाला शोधेल? मग हळू आवाजात विचारलंत, “घर नको झालंय का रे तुला?”

मी म्हणालो, “तुम्हाला नाही कळायचं ते.”

आईचा हात थांबला. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत, पण मी कॉलेजातून आलो की माझी बॅग हातात घेऊन जोखायचात, कपडे भरलेत का म्हणून. मला दिसायचं. राग यायचा, आणि खरं सांगतो, थोडी ऐटही वाटायची. तुम्ही गेलात त्या आठवड्यातही बॅग उचलून पाहिली होतीत.

आता मीच तुमच्या वयाचा झालोय. गाडीत तसलं गाणं लागलं, हजारो लोक एका सुरात ‘आम्ही एक’ म्हणू लागले, की मला पहिली शंका येते, यातला एक तरी दुसऱ्याला घरी जेवायला बोलवेल का? आणि तरीही आवाज मोठा करतो. तुमच्या शंका खोट्या नव्हत्या. फक्त चुकीच्या माणसावर घेतल्या होत्यात.

तेव्हा इंदिरानगरच्या कट्ट्यावर मी ज्या मुलांच्यात शिरू पाहायचो, ती इंग्रजी शाळेतली. ती गाण्यांवर बोलायची आणि मी मराठी शाळेतला, नुसती मान डोलवायचो. डिक्शनरी उघडायचीही लाज वाटायची. तुमचे कागद मी गुपचूप उतरवून घेतले, शेरे तेवढे गाळले, आणि कट्ट्यावर जाऊन ते अर्थ माझेच म्हणून सांगितले. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सरकून मला बसायला जागा दिली. इतका आनंद मला नंतर नोकरी लागल्यावरही झाला नाही, आणि तो तुमच्या हस्ताक्षरातून आला होता.

हे पत्र कुणाला दाखवणार नाही, फाडून टाकीन. मला घर नको झालं नव्हतं, अण्णा. त्या गाण्यांतलं मला अक्षर कळत नव्हतं. पण ते तुमच्यापुढे कबूल करण्यापेक्षा, पोरगा घर सोडून जाईल या धास्तीत तुम्हाला ठेवणं मला सोपं वाटलं.