झोंबलं म्हणजे लागू पडलं

प्रिय दीडशहाण्या,

तुझं खोकं पोचलं. पुन्हा त्याच निळ्या बाटल्या, पुन्हा चिठ्ठीचा पत्ता नाही. एवढं खोकं बांधतोस, तर बापाला दोन ओळी खरडायला तुझा हात कुणी धरला होता?

मागे आलास तेव्हा जेवताना काय फुशारक्या मारत होतास! म्हणे, गुळण्यांचं औषध झोंबलं नाही तर गिऱ्हाइकाला पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतात, म्हणून तुमची कंपनी त्यात अल्कोहोल, मेंथॉल आणि दालचिनीचा अर्क सढळ हाताने घालते. झोंबलं म्हणजे लागू पडलं! वा रे संशोधक! आणि स्वतः मात्र दात घासून साध्या पाण्याने चूळ भरत होतास. मी पाहिलंय. बाबांनी ते पाहिलं नाही, तुझं वाक्य तेवढं गाठीला बांधलं.

आता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते तुझं औषध तोंडात घोळवतात. गाल आतून सोलून निघालेत, जिभेवर फोड आलेत, गार दुधाशिवाय काही गिळवत नाही. जन्मभर ओठांत टाचण्या धरून कपडे बेतणारा माणूस, त्याला आज ओठाला टाचणी लावता येत नाही. शिलाई मशीन झाकून ठेवलंय. काही बोललं तर म्हणतात, आतली घाण निघतेय, पोरगा शिकलेला आहे. डोंबल शिकलेला!

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बाटलीमागची बारीक अक्षरं वाचून कपाळाला हात लावला. हे आजच बंद करा, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, म्हणाल्या. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन नवी बाटली फोडली. मग मीच ती मोरीत ओतली, तिच्यात मिठाचं पाणी भरलं आणि खायचा निळा रंग घातला. पहिल्याच घोटाला त्यांनी ओळखलं. रागावले नाहीत रे. म्हणाले, हे त्याचं नाही. त्याच्याकडून घरात एवढंच येतं, ते तू ओतून टाकू नकोस.

माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. म्हणून तुझ्यासारख्याला हे पत्र लिहायची वेळ आली. पुढचं खोकं पाठवू नकोस, स्वतः ये. त्यांच्या शेजारी बेसिनपाशी उभा राहा आणि सांग की बाबा, हे मी तोंडातसुद्धा घेत नाही. तेवढी लाज सोसेल ना तुला?

तुझीच, अजून तरी,
ताई