बावीस कडवी आणि पिवळा झेंडा

पुंता अरेनास, शुक्रवार

तीर्थरूप नेव्हेंकाताईस,

तुझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या धाकट्या भावाचा नमस्कार पोचो. तुझे गुडघे, तुझ्या सतरा मेंढ्या आणि छपरावरचा तो उडू पाहणारा पत्रा, तिघांचीही खुशाली कळव. (पत्रा उडाला असेल तर आधी मेंढ्यांची कळव.) मी अंगाने बरा आहे. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मला विषय बदलायला वाट मिळते. कागदावर तशी पळवाट नाही.

निवृत्त झाल्यापासून मी इथल्या शाळेत झेंड्याचं काम पाहतो, हे तुला ठाऊक आहेच. पगार नाही, मान आहे. (होता.) इथल्या वसंतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्या डोक्यावरचं ओझोनचं पांघरूण विरलं, की रोज सकाळी आठला हवामान कचेरीतून तुझी लेक द्रागित्सा मला दिवसाचा रंग सांगते. हिरवा म्हणजे खेळा, पिवळा म्हणजे टोपी घालून खेळा, लाल म्हणजे अंगणात पाऊल टाकायचं नाही. पोरीचा आवाज थेट तुझा, हुकमी. "मामा, आज पिवळा. आणि तुम्हीही टोपी घाला, टकलावर ओझोन उगवत नाही." मग मी झेंडा चढवतो.

यंदा शाळेचा ओझोन दिवस सप्टेंबरात आधी बर्फाने गेला, मग वाऱ्याने गेला, आणि शेवटी ऑक्टोबरातल्या या मंगळवारी ठरला. मुख्याध्यापिका ओयार्सूनबाई म्हणाल्या, "झ्वोनिमिरकाका, मुलांना ओझोन जपण्याबद्दल चार शब्द सांगाल?" ताई, मला चार शब्द! तुला आठवतं, तिकडे पोर्वेनिरच्या शाळेत शेगडीजवळच्या बाकावर उभं राहून आपण कविता म्हणायचो आणि बाहेर वारा ठेका धरायचा? त्या आठवणीत मी तीन आठवडे बुडालो आणि बावीस कडवी घेऊन वर आलो. पहिलं असं:

निळ्या नभाची निळी ओढणी,
भोके पाडली कुणी रे कुणी?

(पुढच्या एकवीस कडव्यांत उत्तर येतं, पण सावकाश.)

मंगळवारी आठला फोन आला. "मामा, आज लाल. कुणालाही बाहेर सोडू नका." मी म्हणालो, "ऐकलं." आणि फोन ठेवून खिडकीशी उभा राहिलो. लाल झेंडा म्हणजे कार्यक्रम व्यायामशाळेत. तिथे आवाज असा घुमतो, की पहिली ओळ परत येऊन दुसरीला धडकते. शिवाय तिथे मला दहाच मिनिटं मिळणार होती, कारण नंतर सहावीचा चेंडूचा खेळ. आकाशाची कविता, ती छपराखाली, आणि ती चेंडूसाठी आवरायची. बाहेर सात अंश. माझ्या अंगात दोन स्वेटर. एवढ्या गारठ्यात कुणी भाजतं का, असं मी, ओझोनचा प्रचारक, स्वतःला म्हणालो. हे इथलं शेंबडं पोरही म्हणणार नाही. ऊन चावतं ते न सांगता, गारठ्यातही, हे त्यांना पहिलीतच शिकवतात. (शिकवणारा मीच.) मी पिवळा चढवला.

कविता काय रंगली म्हणून सांगू. दोनशे मुलं अंगणात, डोक्यावर टोप्या, वारा थोडा शहाण्यासारखा वागत होता. पण सतराव्या कडव्यात मी लिहून ठेवलं होतं:

जपा मुलांनो, जपा नभाला,
टोपी काढुनी नमन करा.

गुणी पोरं. सगळ्यांनी टोप्या काढल्या. बाईंनीही काढली. आणि पुढची पाच कडवी होईपर्यंत कुणी परत घातली नाही, कारण घालायला सांगणारी ओळच मी लिहिली नव्हती. शेवटची दोन कडवी तर मी आग्रहावरून पुन्हा म्हटली. (आग्रह माझाच होता.)

दुपारपर्यंत तिसरीचा वर्ग बिटाच्या वाफ्यासारखा दिसू लागला. नाकं, कान, मानेच्या मागची बाजू. माइते नावाची एक चिमुरडी आहे, तिच्या कानावर फोड आला होता. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आजोबा, टोपी तुम्हीच काढायला सांगितलीत ना? मग मी बरोबर केलं ना?" मी म्हणालो, "हो बाळ, तू बरोबर केलंस."

बाईंनी झेंड्याबद्दल विचारलं, मी उत्तर दिलं, पालकांनी आरडाओरडा केला, कुठल्याशा कचेरीला पत्र गेलं. असो. गुडघ्यांना मेंढीची चरबी चोळत जा. तुझी आठवण काढणारा,

झ्वोनिमिर

ता. क. – उत्तर काय दिलं ते वर लिहिलेलं नाही. मी म्हणालो, "मला पिवळाच सांगितला होता." पत्र गेलं ते द्रागित्साच्या कचेरीला. तिची नेमणूक तात्पुरती. सोमवारी साहेब ठरवणार, ठेवायची की नाही. आणि ती पोरगी बाईंना म्हणाली, "मामांना काही बोलू नका, त्यांना ऐकायला कमी येतं, मीच दोनदा सांगायला हवं होतं." ताई, माझे कान ठणठणीत आहेत. तू रविवारच्या बोटीने सामुद्रधुनी ओलांडून ये. मी बाईंच्या दारापर्यंत तीनदा जाऊन परत आलो. तू नुसती शेजारी उभी राहा, बोलेन मी.

ता. क. दुसरा – रविवार, पहाट. काल बंदरावर गेलो तर वाऱ्यामुळे मंगळवारपर्यंत बोट नाही. म्हणजे हे पत्रही जाणार नाही. तिथून तसाच बाईंच्या घरी गेलो आणि दारात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच द्रागित्साच्या साहेबांना फोन करून चूक माझी असल्याचं कळवलं. माझ्याकडून झेंड्याचं काम काढून घेतलं. म्हणाल्या, "सोमवारी मुलांसमोर हेच सांगायचं. आणि झ्वोनिमिरकाका, गद्यात."

रात्रभर बसून लिहिलं. चार ओळी झाल्या. तुला पाठवत नाही. त्यात वाचण्यासारखं काही नाही, नुसतं जे घडलं ते आहे.