इंजिनाला विश्रांती लागते

रविवार, ४ जानेवारी. सकाळी ७.
नानांची मोटारसायकल मागच्या व्हरांड्यात दाखल. टेम्पोवाला विचारतो, भंगारात द्यायची आहे का? अडाणी माणूस. चोपन्न वर्षांची गाडी आहे, त्यातली सोळा वर्षं ताडपत्रीखाली.

नाना म्हणजे माझे सासरे. जन्मभर कारखान्यात फिटर. आठ महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून आमच्याकडे आहेत. खुर्चीत बसून भिंतीकडे बघतात. काहीही विचारा, हं म्हणतात. परवा ही स्वयंपाकघरात रडत होती. म्हणाली, नाना असेच बसून संपून जातील. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, १५ मार्चला नाना पंचाहत्तर पूर्ण करतात, त्या दिवशी त्यांना त्यांच्या गाडीवर बसवतो. गाडी मी स्वतः उभी करणार, मेकॅनिकबिकॅनिक काही नाही. ही डोळे पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, तुम्ही?

शिवाय एक खाजगी कारण. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, नानांनी मला एकदाही शाब्बास म्हटलेलं नाही. मी त्यांच्या घरी पंखा बसवला तेव्हासुद्धा नाही. पंखा पडला, ती गोष्ट वेगळी.

संध्याकाळी ६.
अख्खं इंजिन खोललं. साडेसहा तासांत! व्हिडिओतल्या माणसाला दोन दिवस लागले होते.

रविवार, ११ जानेवारी.
एकूण सुटे भाग १८३. हिच्या बावीस डब्यांत वर्गवारी. प्रत्येक डब्यात स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी: भाग कोणता, कुठून काढला, कुठली बाजू वर. शिस्त म्हणजे शिस्त. फोटो काढले नाहीत. चिठ्ठ्या असताना फोटो कशाला? मग चिकट तेल सुटावं म्हणून सगळ्या डब्यांत साबणाचं कडकडीत पाणी ओतलं.

सोमवार, १२ जानेवारी.
भाग स्वच्छ निघाले. चिठ्ठ्याही स्वच्छ निघाल्या. काही भागांवर नवा गंज आलाय, पण जुन्यापेक्षा रंगाने उजळ आहे. काळजीचं कारण नाही, माझी स्मरणशक्ती चांगली आहे.

नाना खिडकीतून बघत होते. त्यांनी कपाळाला हात लावला. डोकं दुखत असावं. हिला बाम द्यायला सांगितलं.

रविवार, १८ जानेवारी.
पिस्टनच्या डोक्यावर एक बाण असतो. मी तो मागे ठेवला. गाडी पुढे जाते, धूर मागे जातो, त्यामुळे बाण मागेच हवा. व्हिडिओत काही वेगळं सांगत होते, पण माणसाने स्वतःचं डोकंही वापरावं. पिस्टन मात्र आत जाईना. छोटी हातोडी झाली, मोठी हातोडी झाली. ही आतून ओरडली, घर पाडताय का? काम तात्पुरतं स्थगित.

मंगळवार, २० जानेवारी. संध्याकाळी ७.
आश्चर्य! ऑफिसातून येऊन बघतो तर पिस्टन आत, झकास बसलेला. तत्त्व सापडलं: इंजिनाला विश्रांती लागते. धातू दोन दिवस एकटा ठेवला की आपसूक जागेवर येतो. हे कुठल्याच व्हिडिओत नाही. बाण पुढे दिसतोय. म्हणजे मी पुढेच ठेवला असणार. हाताला कळतं, डोक्याला उशिरा कळतं.

नाना आज मोरीत अर्धा तास हात घासत होते. म्हातारपणी स्वच्छतेचं वेड लागतं म्हणतात.

शनिवार, ३१ जानेवारी.
विश्रांती पद्धत जोरात. मी संध्याकाळी जमेल तेवढं जोडायचं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघून जायचं, बस. क्लच तर असा बसलाय की काय सांगू. कोपऱ्यावरचा मेकॅनिक बघायला आला तो खालीच बसला. म्हणाला, असा हात हल्ली राहिला नाही, कुणी केलं? मी म्हटलं, कुणी म्हणजे? तो माझ्या हातांकडे बघत राहिला. विमा कंपनीत बावीस वर्षं फायली हाताळलेले हात आहेत, नाजूक दिसणारच.

हिने नानांना नवा चष्मा करून आणला. जवळचा नंबर. पेपर वाचायला म्हणे. आमच्याकडे पेपर येत नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी.
डोकं दुखत होतं म्हणून दुपारी दोनलाच घरी आलो, मागच्या फाटकाने. व्हरांड्यात नाना स्टुलावर बसलेले. कोपरापर्यंत ग्रीस. ही शेजारी बसून एकेक पाना हातात देत होती. आणि नाना बोलत होते! सासूबाईंना पहिल्यांदा मागे बसवलं तेव्हा चढावर गाडी बंद पडली, आणि त्यांनी चपला हातात घेऊन वरपर्यंत धक्का मारला, ते सांगत होते. ही पोट धरून हसत होती. मग नानांनी कार्बोरेटर हातात घेतला आणि विचारलं, हा तुझ्या नवऱ्याने उलटा बसवला तरी कसा? मुद्दाम करतो म्हटलं तरी कुणाला जमायचं नाही. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मी तसाच मागे फिरलो. बागेतल्या बाकावर साडेसहापर्यंत बसलो.

नेहमीच्या वेळी घरी आलो. आज ऑफिसात फार काम होतं, असं सांगितलं. नाना खुर्चीत, भिंतीकडे बघत. मी विचारलं, बरं आहे ना? ते म्हणाले, हं.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण त्यांचं हसणं कानातून जात नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी.
निर्णय झाला. आपल्याला काही माहीत नाही. मला कळलंय हे कळलं, तर नाना संकोचाने पाना खाली ठेवतील आणि पुन्हा भिंत. उलट मी रोज संध्याकाळी एखादी चूक मुद्दाम करून ठेवायची, म्हणजे त्यांना दुसऱ्या दिवसाचं काम मिळेल.

सोमवार, १६ फेब्रुवारी.
मुद्दाम करायची गरज पडत नाही. काल चेन अगदी मनापासून, व्हिडिओ तीनदा बघून बसवली. आज ती नव्याने बसवलेली दिसली.

रविवार, १ मार्च.
टाकीला रंग झाला. आता थोडंच उरलंय. हिने चहा देताना एकदम विचारलं, गाडी झाली की नाना काय करतील हो? आणि जीभ चावली. मी बशीत बघत राहिलो. तिने माझ्यापुढे आणखी एक बिस्कीट सरकवलं. म्हणजे मला कळलंय हे हिलाही कळलंय.

रविवार, १५ मार्च. सकाळी ९.
गल्लीतले सगळे जमले. किक मी मारली. एक, दोन, अकरा. घामाघूम. नाना उठले, पेट्रोलचा कॉक उघडला आणि एकच किक मारली. गाडी अशी बोलली की हिने टाळ्याच वाजवल्या. नाना दोन चकरा मारून आले, उतरले आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, जावईबापूंनी एकट्याने उभी केली, शाब्बास! मेकॅनिकला जोराचा खोकला आला. एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं आणि मला मान वर करवेना.

संध्याकाळी ६.
नाना दुपारपासून खुर्चीत. भिंतीकडे. हिचा चेहरा उतरलेला.

पाच वाजता शेजारचे पोस्टमास्तर त्यांची जुनी स्कूटर ढकलत घेऊन आले. अकरा वर्षं बंद आहे, म्हणाले, पण तुमचा हात लागला तर चालेल. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात नाना चष्मा पुसताना दिसले. मी हो म्हणून टाकलं. सोपं काम आहे, असंही म्हणालो.

पोस्टमास्तर गेल्यावर मी स्टूल ओढून बसलो, पहिला नट फिरवला. नाना बाहेर आले. थोडा वेळ बघत उभे राहिले, मग दुसरं स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले. म्हणाले, जावईबापू, आता लपवाछपवी पुरे, तुमचं जोडलेलं परत खोलून माझी कंबर दुखते. खोलायचं तुम्ही, ते तुम्हाला फार छान जमतं. त्यापुढे कशालाही हात लावायचा नाही.

मी हं म्हटलं.