मोटार भरणाऱ्या बाईची वाटणी

मी, यशोधरा मच्छिंद्र भिंगारदिवे, वय सहासष्ट, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार सुपा, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर, आज रोजी पूर्ण शुद्धीत राहून, कुणाच्या धाकाला, भिडेला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. यापूर्वी मी असा कोणताही कागद केलेला नाही. तब्येत चांगली आहे. शुगर थोडी वर असते, तिचा बुद्धीशी संबंध नाही, असे डॉक्टर सुनील यांनी लिहून दिले आहे.

वर 'धंदा' या शब्दापुढे वकीलबाई अ‍ॅड. वृषाली यांनी आधी 'घरकाम' टाइप केले होते. मी विचारले, "हे कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "सवयीनं पडलं हो काकू." मी ते बदलून घेतले. मग त्यांची फी विचारली, तर म्हणाल्या, "तुमच्याकडून काय घ्यायचं, द्या काय द्यायचं ते." कोर्टात समोरच्याचे तोंड बंद करणारी बाई स्वतःच्या फीपाशी येऊन अडखळली. मी त्यांना सांगितले की आकडा बोलल्याशिवाय मी सही करणार नाही. त्या बोलल्या. मी दिला. पावती घेतली.

कलम १. माझी ओळख.

माझा जन्म भिंगारचा. वडील रंभाजी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी घरी पंखे, पाण्याच्या मोटारी भरत. मोटार भरणे म्हणजे जळालेली तार काढून टाकायची आणि नव्या तांब्याच्या तारेच्या कॉइली करून खाचांत बसवायच्या. वडिलांची बोटे जाड, माझी बारीक, म्हणून ते मला शेजारी बसवून घेत. मला ते काम आवडायचे. सगळे जळून कोळसा झालेले लोखंड संध्याकाळी पुन्हा गुणगुणायला लागते, त्याचा आनंद मला आजही होतो.

लग्न होऊन सुप्याला आले. माझे पती मच्छिंद्र यांचे मोटार दुरुस्तीचे दुकान होते. मोटार खोलण्यात, बेअरिंग बसवण्यात आणि जळालेल्या मोटारीपेक्षा जास्त तापलेल्या शेतकऱ्याला थंड करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण तार भरायला बसले की दोन खाचांत घाम फुटायचा. आठ-पंधरा दिवसांत ते काम माझ्याकडे आले. दुकान आणि घर यांच्या मध्ये फुलाफुलांचा पडदा होता. पडद्याच्या आत मी भरायची, बाहेर ते बिल करायचे. गिऱ्हाईक म्हणायचे, "मच्छिंद्रा, तुझ्या हाताची मोटार परत जळत न्हाई बघ." हे म्हणायचे, "आपलं कामच तसं आहे." 'आपलं' या शब्दात मी होते, असे ते आजही शपथेवर सांगतात.

कलम २. घर.

सुप्यातले हे घर, पुढच्या खोलीसह, माझ्या एकटीच्या नावावर आहे. आम्ही भाड्याने राहत होतो, घरमालकाने विकायला काढले तेव्हा बाईच्या नावाने खरेदी केली तर स्टँप ड्युटीत सवलत आहे असे कुणीतरी मच्छिंद्रांच्या कानावर घातले. त्यांनी लगेच माझे नाव लावले. मी त्यांना प्रेमाने विचारले, "माझ्यासाठी केलंत ना?" ते म्हणाले, "एक टक्का वाचला." तर त्या एका टक्क्याचे आभार मानून मी लिहिते की माझ्या पश्चात हे घर माझा मुलगा पंकज याला मिळावे. तो पुण्यात नोकरीला आहे. मात्र पुढच्या खोलीत मोटारी भरण्याचे काम चालू आहे तोवर ती खोली त्याने विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि तिथे कॉफी शॉप काढण्याचा जो विचार तो दिवाळीत बोलून दाखवत होता तो कायमचा सोडावा.

मच्छिंद्रांना या घरात तहहयात राहण्याचा हक्क आहे. तो पंकजने किंवा कुणीही हिरावून घेऊ नये. चहा त्यांनी स्वतः करून घ्यावा. त्यांना येतो. कसा येतो ते पुढे लिहिले आहे.

कलम ३. पडदा.

वर सांगितलेला फुलाफुलांचा पडदा मी धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवला आहे. तो मी माझा पुतण्या प्रवीण याला देते. का, ते त्याला माहीत आहे. इतरांसाठी लिहिते.

एका उन्हाळ्यात जवळच्या हंगा गावच्या छबूबाई मोटार घेऊन आल्या. स्वतःची विहीर, स्वतःची जमीन, टेम्पोत पुढे बसून आलेल्या. तेव्हा प्रवीण दुकानात हाताखाली असायचा. छबूबाईंना तहान लागली म्हणून त्या पडदा सारून आत आल्या, तर मी मांडी घालून त्यांच्याच मोटारीची तार भरत होते.

"तू भरतीस व्हय?" त्यांनी विचारले.

मी मान हलवली.

बाहेरून प्रवीण म्हणाला, "काकू जराशी मदत करते."

छबूबाई पाणी प्यायल्या, माझे हात बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मदत तर बाहेर बसलेली दोघं करत्यात. तुला काय मिळतं?"

"घरचंच काम आहे ना," मी म्हणाले.

"माझी शेती बी घरचीच हाय. पर सातबाऱ्यावर नाव लावून घेतलंय म्या."

त्या गेल्या. मी ती मोटार पुरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगले लुगडे नेसून बाहेर आले आणि गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर जाऊन बसले. मच्छिंद्रांनी विचारले, "कुठं निघालीस?" मी म्हणाले, "कुठं नाही. आज मदत करत नाही."

विहिरींना पाणी कमी, मोटारी कोरड्या चालून जळत होत्या. अंगणात रांग लागलेली. लोक विचारायचे, झाली का. हे म्हणायचे, होईल. मी बाकड्यावरून रस्त्यावरच्या गाड्या बघायची. शेवटी प्रवीण पुढे सरसावला. त्याने एक मोटार स्वतः भरली. कॉइली इतक्या ढोबळ झाल्या की त्याने त्या हातोडीने ठोकून खाचेत बसवल्या. बटण दाबले तशी आमच्या दुकानाची लाइट गेली आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचीही गेली. अर्धवट दळण घेऊन बायका आमच्या दारात आल्या. त्यांना काय झाले ते प्रवीणने समजावून सांगावे असे मी सुचवले.

त्याच दुपारी मच्छिंद्र स्वतः चहा करून घेऊन आले. बाकड्यावर माझ्याशेजारी बसले. चहात साखर विसरले होते. म्हणाले, "बोल, तुला काय पाहिजे?"

आणि मला काही सांगता येईना. इतकी वर्षे मनात धुसफूस केली, पण कुणी विचारलेच तर काय मागायचे, ते ठरवलेच नव्हते. मी चहा पिऊन उठले, एसटी धरली आणि हंग्याला गेले. छबूबाई गोठ्यात होत्या. माझे सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आधी ठरवायचं, मग रुसायचं. तुझं उलटं झालंय."

मग मी नगरला गेले. डोक्यावरून पदर घेतला आणि दुकानादुकानांतून विचारत फिरले, "मालकांनी पाठवलंय, मोटार भरायची मजुरी काय घेता?" गरीब बाई समजून सगळ्यांनी सगळे सांगितले. एकाने तर बसायला स्टूल दिले आणि मोटार कशी भरतात तेही समजावले. मी लक्ष देऊन ऐकले.

परत येऊन मच्छिंद्रांना सांगितले. भरण्याची मजुरी वेगळी आणि ती माझ्या हातात. मोटारीविषयी काही विचारायचे असेल तर गिऱ्हाइकाने मला विचारायचे. पडदा काढायचा. आणि पाटीवर माझे नाव. पहिल्या तीन गोष्टी त्यांनी तिथल्या तिथे मान्य केल्या. पाटीवर मात्र अडले. "लोक काय म्हणतील," म्हणाले. मी म्हणाले, "तेच म्हणतील, आपल्या हाताची मोटार जळत नाही." यावर ते हसले. ते हसले की भांडण संपते, हा त्यांचा गुण आहे. पेंटरने 'यशोधरा मोटार रिवाइंडिंग' असे लिहिले आणि मच्छिंद्रांनी त्याला हळूच सांगून खाली बारीक अक्षरांत 'व मच्छिंद्र' असे घालून घेतले. मी ते राहू दिले.

प्रवीण आता सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहे. परवा एका लग्नात तो कुणाला तरी सांगत होता की घराण्याचा धंदा शेवटी त्यालाच सांभाळावा लागणार. त्याने पडदा सांभाळावा. कापड अजून मजबूत आहे.

कलम ४. बचत व दागिने.

बँकेत माझ्या नावावर जी ठेव आहे, तिच्या व्याजातून मच्छिंद्रांची औषधे यावीत. त्यांच्यानंतर ती पंकजची. सोन्याच्या पाटल्या मी माझ्या मजुरीतून केल्या, त्या सूनबाईंना द्याव्यात. त्यांना ऑफिसात बढती मिळाली, पण पगार तोच राहिला, असे त्या हसत सांगत होत्या. पाटल्या घालून त्यांनी साहेबांच्या केबिनमध्ये जावे आणि हसू नये.

कलम ५. अंत्यविधी.

बौद्ध पद्धतीने, साधा. वंदना नीट म्हणावी, उरकू नये. वर्तमानपत्रात छापायला दिले तर 'कुटुंबवत्सल' हा शब्द टाकू नये. तशी मी होते, पण त्यासाठी पेपरात जागा विकत घ्यायची गरज नाही. मी काय काम करत होते ते छापावे.

कलम ६. हत्यारे व धंदा.

वाइंडिंगचे हाताचे मशीन, लाकडी फर्मे, बांबूच्या पट्ट्या, पकडी, इन्सुलेशन तपासायचा मेगर, शिल्लक तार आणि 'यशोधरा मोटार रिवाइंडिंग' या नावाने चालणारा सगळा धंदा मी माझ्या पश्चात पूजा हिला देते, अट एवढीच की तोपर्यंत तिने माझ्याकडेच काम करावे व कंपनीत जाऊ नये.

पूजा सुप्यातलीच. आयटीआय करून आली. पहिल्या दिवशी मी विचारले, पगार काय घेशील, तर ओढणी पिळत म्हणाली, "द्याल ते, काकू." मी तिला एक कप चहा दिला. ती संध्याकाळपर्यंत बसली आणि मग म्हणाली, "काकू, पगाराचं?" मी म्हणाले, "दिला की, सकाळी." दुसऱ्या दिवशी ती आकडा ठरवून आली. फार कमी होता. परत पाठवले. तिसऱ्यांदा बरा आणला.

नंतर आमच्याकडे मुलाखतीची तालीम चालायची. मी मच्छिंद्रांचा चष्मा लावून साहेब व्हायची आणि विचारायची, "लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का?" ती सुरुवातीला लाजायची. पुढे पुढे शांतपणे विचारायला लागली, "साहेब, तुम्ही सोडली होती का?" मच्छिंद्र बाकड्यावर बसून टाळ्या वाजवत. तिचे वाइंडिंग आता माझ्याइतके स्वच्छ आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हटलेले नाही.

कलम ६ मध्ये दुरुस्ती.

वरील मजकूर आज सकाळी पूजाला वाचून दाखवला. मला वाटले होते, पोरीच्या डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, "काकू, तब्येत कशी आहे तुमची?"

"उत्तम आहे," मी म्हणाले.

"मग मी किती वर्षं वाट बघायची?"

मच्छिंद्रांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले.

पूजा म्हणाली, "कंपनीनं बोलावलंय. एक तारखेला हजर व्हायचंय. पगार मी मागितला तेवढा देतायत. मला इथंच काम करायला आवडतं, पण तुम्ही मेल्यावर मिळणार या हिशोबावर नाही. आत्ता भागीदार करा, निम्म्यानं. मग मी जात नाही, आणि तुम्ही शंभर वर्षं जगा."

मला राग आला. खरोखर आला. मी म्हणाले, तिसरा हिस्सा. ती म्हणाली, "सबमर्सिबल मोटारी आता सगळ्या मीच भरते, काकू. तुमचे डोळे दुखतात." मी म्हणाले, तू नाव कमावलंस ते माझ्या पाटीखाली. ती म्हणाली, "म्हणून निम्मं मागते, नाहीतर जास्त मागितलं असतं." आणि मग तिने फर्मा पुढे ओढून तार गुंडाळायला घेतली. छबूबाई साक्षीसाठी येऊन बसल्या होत्या, त्या चहा फुंकत राहिल्या.

शेवटी मच्छिंद्र वर्तमानपत्राआडून म्हणाले, "यशोधरा, ती बरोबर बोलतीये."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "मी जरा बघत होते, किती वेळ टिकते."

हे अर्धे खरे आहे.

सबब, कलम ६ मधील देणगी व तिची अट रद्द करण्यात येत आहे. सदर धंद्यातील व हत्यारांतील निम्मा हिस्सा आजपासून पूजाचा आहे. त्याचा भागीदारी लेख अ‍ॅड. वृषाली करतील, फी त्यांनी आधी सांगावी. जे तिने माझ्या जिवंतपणी घेतले ते मी मेल्यावर देऊ शकत नाही. माझा उरलेला निम्मा हिस्सा माझ्या पश्चात मच्छिंद्रांना व त्यांच्यानंतर पंकजला मिळेल. तो विकायचा झाल्यास पहिला हक्क पूजाचा राहील. किंमत तिने आजच विचारून ठेवली आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून आणि एका ठिकाणी हरून सही केले आहे.

सही: यशोधरा मच्छिंद्र भिंगारदिवे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:

१. छबूबाई राधाकृष्ण शिंदे, राहणार हंगा, धंदा शेती. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे वकीलबाईंनी सांगितल्यावर, "बरा कायदा हाय," असे म्हणून सही केली.

२. डॉ. सुनील श्रीमंत गवळी, राहणार सुपा, धंदा वैद्यकीय.

स्थळ: सुपा
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५