बाबांची सही

१४ तारीख, मंगळवार

चि. ताईस,

आईचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला कोण विचारतंय!

तुझं पत्र पोचलं. जावईबापूंना ऑफिसात खुर्ची मिळतेय आणि ते बेकरीची भट्टी सोडत नाहीत. ‘आई, तू समजाव, तुझं ऐकतील,’ असं लिहिलंस.

ऐकतील गं. तीच भीती आहे.

बाबा इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये आखूड पायांसाठी बूट करायचे, तेव्हाचं तुला आठवतं? “आज एक पोरगी न लंगडता दारापर्यंत गेली!” हे सांगताना त्यांचा घास हातातच राहायचा. जेवताना गुणगुणायचे. मी ओरडायचे, “अन्नासमोर तरी गप्प बसा.”

तुझ्या मामेबहिणीच्या लग्नात तिच्या चुलतसासऱ्यांनी चारचौघांत पाय पुढे केला. “काय पाहुणे, आमच्या चपलेचा अंगठा शिवून देता का?” सगळे हसले. बाबा खरंच खाली बसून अंगठा बघायला लागले. त्यांना काही वाटलं नाही. मला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

पुढे ते भांडारप्रमुख झाले. साहेबांनी आपणहून बढती दिली, असंच तू समजतेस. त्या बढतीसाठीचा अर्ज मी लिहिला होता, ताई. विम्याच्या कागदांत सरकवला. माझ्या हातचा कागद ते कधी वाचत नसत. “डोकं तुझं, सही माझी,” म्हणायचे. केली सही.

कळल्यावर बॅग उचलून भांडाराच्या ऑफिसात जाऊ लागले. लग्नकार्यात लोक आम्हाला पुढच्या रांगेत बसवू लागले. मी सुखात होते, देवापुढे खोटं लिहवत नाही. जेवताना मात्र घरात फक्त भांड्यांचा आवाज. तू विचारायचीस, “बाबा असे का झाले?” मी म्हणायचे, “वय.” चार वर्षांत गेले. डॉक्टर हृदय म्हणाले.

काल त्यांची ऑफिसची बॅग उघडली. तळाशी रुमालात चामडं टोचायची आरी. तेल लावून ठेवलेली. गंजाचा ठिपका नाही.

रोज नेत होते गं.

जावईबापूंना मी काही सांगणार नाही. ते गुणगुणत घरी येत असतील, तर गप्प बसा म्हणू नकोस.

माफीचा कागद आता कुणापुढे ठेवू, हे न कळणारी,

तुझी आई