हिरवी खूण

१४ मार्च

प्रिय चिमणी,

अनेक आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. केंद्रप्रमुख झाल्यापासून तुझा आवाज भारदस्त झाला म्हणे. तरी माझ्या हाताखाली शिकलीस, तेव्हा चिमणीच राहणार, इलाज नाही.

सैनिकी रेडिओच्या पन्नास वर्षांच्या स्मरणिकेची प्रुफं मिळाली. आधी बारीकसारीक. पान चारवरचा फोटो माझा नाही. माझं नाक बरं आहे. पान सातवर मी 'गणवेशातला पहिला स्त्री-आवाज' असल्याचं तीनदा आलंय. एकदा पुरे. वाक्य कुठे थांबवायचं हे आमच्या शाळेत नन पट्टी मारून शिकवायच्या. तुमच्या संपादकाला ती पट्टी बसलेली दिसत नाही.

आता पान नऊ. 'एका नागरी कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे घडलेला दुर्दैवी प्रसंग वगळता केंद्राची कारकीर्द निष्कलंक आहे.' कोणी लिहिलं हे? त्या माणसाला नाव नव्हतं? सगळे त्यांना मास्तर म्हणत. गणवेश नाही, हुद्दा नाही, जेवायला कोपऱ्यातलं डुगडुगतं टेबल. पण जवानांची नावं अचूक कशी उच्चारायची, हे मला त्यांनी शिकवलं.

तू नंतर आलीस, म्हणून सांगते. लढाईच्या दिवसांत दुपारी दोनला मी जवानांना त्यांच्या घरच्यांचे निरोप वाचून दाखवायची. त्याआधी मास्तर मुख्यालयाला फोन लावून एकेक नाव मृतांच्या यादीशी ताडून पाहायचे. जवान हयात असला की नावापुढे हिरव्या पेन्सिलीची खूण. खूण नाही तर निरोप नाही. नियम त्यांचाच; वरच्यांना सुचला नव्हता.

त्या दिवशी दोनला तीन मिनिटं कमी होती. मास्तर रिसीव्हर कानाला लावून उभे.

"बाई, शेवटचं नाव राहिलंय. फोन लागत नाहीये."

"मास्तर, घड्याळ तुमच्या फोनसाठी थांबत नाही."

"मग ते नाव सोडा. उद्या वाचू."

"वाढदिवस आज आहे त्याचा!"

मी कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला. हो, ओढूनच. आणि वाचलं. आईकडून मुलाला, 'शंभर वर्षांचा हो.' तो दोन दिवसांपूर्वीच गेला होता. घरी तार पोचली होती आणि घरातला रेडिओ कोणी बंद केला नव्हता.

चौकशीच्या आधी मास्तरांनी मला व्हरांड्यात तो कागद दाखवला. शेवटच्या नावापुढे आता हिरवी खूण होती. म्हणाले, "मी गेलो तर दुसरा कोणी येईल. तुम्ही गेलात तर माइकसमोर परत बाई बसवणार नाहीत. गप्प राहा." आत चौकशी समितीने मला विचारलं, "वाचलंत तेव्हा खूण होती?"

मी म्हणाले, "होती."

एवढा एकच शब्द. त्यांची नोकरी गेली, मला बढती मिळाली. शाळेत शनिवारी मुली पाद्र्यापुढे पापं कबूल करायला रांग लावायच्या. मी नाक मुरडायची, माझ्याकडे काय आहे कबूल करण्यासारखं!

मास्तर गेल्या महिन्यात वारले. मी घरी गेले. त्यांची बायको दारातच म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांनी पत्ता सापडला वाटतं?" तरी चहा दिला. मास्तरांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. मी निवृत्त होईपर्यंत रोज दोनला हातातलं काम ठेवून माझा कार्यक्रम ऐकायचे. मी विचारलं, काही म्हणायचे का? ती म्हणाली, "उच्चार चुकला की चुकला म्हणायचे. बाकी तुमच्याबद्दल या घरात वाईट बोललेलं त्यांना चालायचं नाही. मला चालतं."

तेव्हा चिमणे, पान नऊवरचं वाक्य काढ. तिथे मास्तरांचं पूर्ण नाव घाल, बायकोला विचारून, अचूक. चूक कोणाची होती तेही लिही, माझ्या नावानिशी. कायदेशीर सल्लागाराला विचारते वगैरे म्हणू नकोस. वाटल्यास पान सात काढून टाका, पान चारवरचा फोटोही; नाक तसंही त्या दुसऱ्या बाईचंच आहे. आणि छापल्यावर पहिली प्रत मास्तरांच्या घरी तू स्वतः घेऊन जा. चहा मिळेल. बोलणी बसली तर माझी समजून ऐकून घे.

या पत्रातलं प्रत्येक वाक्य मी पुन्हा वाचलंय आणि पुढे हिरव्या पेन्सिलीने खूण केली आहे. या खेपेला आधी खूण, मग निरोप.

तुझी,
बाई